चिंचेला ऊन लागलं

हा किस्सा माझ्याकडूनच ऐका. आमच्या घरी आलात तर वैशालीही सांगेल, पण ती सांगते तेव्हा त्यात मी फारच मूर्ख दिसतो. मी सांगितला की थोडा कमी दिसतो. या वयात तेवढा फरकही जपावा लागतो.

तर मूर्खपणा असा, की नागपूरच्या मे महिन्यात मी तीन आठवडे एका झाडाला कूलरपुढे बसवलं. का, तर त्याला ऊन लागलं म्हणून. त्याच्या खोडाला कांदा बांधला. त्याला कैरीचं पन्हं पाजलं. हसा, हसा. पुढे याहून वाईट आहे.

याची सुरुवात बोकारे मॅडमपासून होते. हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून त्या एकट्या राहतात. ज्युनियर कॉलेजात आयुष्यभर बॉटनी शिकवलं, आता रिटायर. आणि मी बारावीला त्यांचाच विद्यार्थी होतो! घर बांधल्यावर मॅडम शेजारी निघाल्या, तेव्हा माझी छाती किती फुगली म्हणून सांगू. लेआउटमध्ये कोणाच्या घरी चहाला गेलो की तिसऱ्या मिनिटाला मी हा विषय काढायचो. मॅडमच्या हाताखाली शिकलेला माणूस आहे मी. तोंडी परीक्षेत त्या माझ्यावर अशा खूश झाल्या की बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर खळखळून हसल्या होत्या, हेही सांगायचो. आता बॉटनी सोडून मला सत्तावीस वर्षं झाली आणि मी एका ऑफिसात फायली सरकवतो, हा भाग मी सांगत नसे. तो लोकांना माहीत होता.

मे महिन्यात मॅडमना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे बंगळुरूला जायचं होतं. तीन आठवडे. घरात मौल्यवान असं काही नव्हतं, फक्त एक कुंडी होती. त्या कुंडीत चिंच होती.

आता तुम्ही म्हणाल, चिंच कोणी कुंडीत लावतं का? त्याचं असं आहे, की मॅडमचं माहेर खाप्याचं. तिथे घरापुढे त्यांच्या वडिलांनी लावलेली चिंच होती, चांगली दोघांच्या कवेत न मावणारी. रस्ता रुंद करताना ती गेली. मॅडमनी तिच्या शेवटच्या चिंचांमधले अकरा चिंचोके इथे आणून लावले. दहा मातीतच राहिले, एक उगवला. तो आता माझ्या कमरेएवढा झाला होता. मृग लागला की लेआउटच्या मोकळ्या जागेत तो लावायचा, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. म्हणजे खाप्याच्या त्या झाडाचं एवढंच काय ते जगात उरलं होतं.

जायच्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला, अविनाश, जरा ये बरं, कुंडी तुमच्या घरी न्यायची आहे. आम्ही दोघंही गेलो. कुंडी सिमेंटची, वजन विचारू नका. मॅडम वैशालीशी पाण्याबद्दल काहीतरी बोलत होत्या. माझं तिकडे लक्ष नव्हतं, मी कुंडीला कुठून धरावं ते पाहत होतो. पण शेवटचं वाक्य ऐकू आलं.

"माह्या बापाची एवढीच निशाणी राहिली आहे. सांभाळजा."

मी कुंडी पोटाशी कवटाळून उभा होतो, तसाच म्हणालो, "मॅडम, तुमचा विद्यार्थी आहे मी. तुम्ही बिनघोर जा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे पाहिलं, आणि रिक्षात बसल्या. तेव्हा मला त्या पाहण्याचं काही वाटलं नाही.

घरी येऊन मी कुंडी पोर्चमध्ये ठेवली आणि वैशालीचा पहिला तास घेतला. काय आहे, बॉटनीतलं एकच उत्तर मला आजही तोंडपाठ आहे, ते म्हणजे संयुक्त पानांचे प्रकार. झोपेतून उठवा, सांगतो. मी चिंचेच्या डहाळीवरची एक काडी हातात धरली आणि तिला विचारलं, ही पानं किती? ती म्हणाली, वीस-बावीस असतील. मी म्हणालो, चूक. हे सगळं मिळून एक पान. ही बारीक बारीक दिसतात ती पानं नव्हेत, पर्णिका. मधल्या दांडीवर पिसासारख्या बसल्या म्हणून पिच्छाकृती. शेवटपर्यंत जोडी-जोडीने आल्या, टोकाला एकटी कोणी नाही, म्हणून समपिच्छाकृती. टोकाला एकटी असली तर विषमपिच्छाकृती. आणि पिसाला पुन्हा पिसं फुटली, तर द्विपिच्छाकृती.

"मंग आपल्या कढीपत्त्याच्या टोकाले एक असते, तो विषम," वैशाली म्हणाली.

बरोबर होतं, पण विद्यार्थ्याने इतक्या लवकर बरोबर उत्तर दिलेलं मास्तरला आवडत नाही. मी नुसतं "हं" म्हणालो आणि ऑफिसला गेलो.

त्या संध्याकाळी चहाची टपरी बंद होती, म्हणून पावणेसातलाच परत आलो. दुपारी ऊन असं होतं की स्कूटीच्या सीटवर पापड भाजला असता. तोंडावरचा दुपट्टा सोडत फाटकातून आत आलो. चिंच मेली होती.

खोटं नाही सांगत. सकाळी पिसासारखं पसरलेलं एकेक पान आता मिटून काडी झालं होतं. सगळ्या पर्णिका एकमेकींना चिकटून खाली लोंबत होत्या. पहिल्याच दिवशी! मॅडम अजून बंगळुरूला पोचल्यासुद्धा नसतील.

मी हाक मारली. वैशाली आली, तिने पाहिलं, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "झोपलं असन ते. चिंच नाई का झोपत दिवेलागणीले?"

वैशाली काटोलकडच्या खेड्यातली. वडिलांची संत्र्याची बाग, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चिंचा. पण ते माझ्या डोक्यात कुठून येणार? मी तोंडपाठ उत्तरवाला माणूस. मी तिच्याकडे पाहून असा हसलो, की ते हसू आठवलं तरी आता मला लाज वाटते.

"झाडं काय झोपते वं?" मी म्हणालो. "झोपाले डोळे लागते. मी बॉटनी शिकलो आहे, तू नको सांगू मले."

ती गप्प बसली. वीस वर्षांच्या संसारात मला एवढं तरी कळायला हवं होतं, की वैशाली भांडली तर काळजी नसते, एका वाक्यात गप्प बसली की मात्र समजायचं. पण मी रोगनिदानात गुंतलो होतो. निदान काय, नागपूरचं शेंबडं पोरही करील. मे महिना, पोर्चमध्ये पश्चिमेचं ऊन, दुपारची झळ. झाडाला ऊन लागलं होतं.

आता ऊन लागलेल्या जीवाचं काय करायचं, हे नागपूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुंडी उचलून हॉलमध्ये आणली, थेट कूलरपुढे. कूलरमधलं पाणी तळाला गेलं होतं, पाइप लावून टाकी काठोकाठ भरली. पाण्याचा हलका शिडकावा दिला. आम्ही दोघं त्या दिवशी भिंतीच्या कडेला बसून जेवलो, कारण हवेची जागा पेशंटने घेतली होती.

आणि सकाळी उठून पाहतो तर काय, चिंच टवटवीत! पानन् पान उघडलेलं. मी वैशालीला ओढत आणून दाखवलं. पाहा, याला म्हणतात उपचार. ती म्हणाली, "हो ना." बस, एवढंच.

मी फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. "एकदम ठणठणीत." मॅडमचा अंगठा आला.

त्या संध्याकाळी घरी आलो तर चिंच पुन्हा मेलेली. दिवसभर ती कूलरपुढेच होती. पण दुपारी वैशाली कूलर बंद ठेवत असेल, अशी माझी शंका. पुन्हा टाकी भरली, पुन्हा शिडकावा, सकाळी पुन्हा जिवंत. तिसऱ्या दिवशी तेच. रोज संध्याकाळी मरायची, रोज सकाळी उठायची. आणि रोज सकाळी मला वाटायचं, मी वाचवली.

लक्षात घ्या, माझा दिनक्रम काय होता. एरवी मी ऑफिस सुटल्यावर टपरीवर दोन चहा घेऊन, गप्पा हाणून आठला घरी यायचो. कूलरमध्ये पाणी भरणं हे काम लग्नानंतर मी चार वेळा केलं असेल, त्यातलं एकदा सासरे आले होते तेव्हा. आता मी सहाला ऑफिसातून निघायचो, थेट घरी यायचो आणि न सांगता पाइप हातात घ्यायचो. वैशाली कूलरच्या हवेत चिंचेशेजारी खुर्ची टाकून पाय पसरून बसायची. मला वाटायचं, किती सहकार्य करते ही.

मग मेअखेरचा नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचा काळ, लागला. नवतप्याचे नऊ दिवस नागपुरात माणूस माणसाला ओळखत नाही. चिंच आता सहालाच माना टाकेल अशी मला भीती वाटू लागली. मी उपचार वाढवले. लहानपणी आई उन्हात जाताना खिशात कांदा ठेवायची, तो आठवला. चिंचेला खिसा नसतो. म्हणून कांदा सुतळीने खोडाला बांधला. खिडकीवर हिरवी जाळी लावली. आणि रोज संध्याकाळी पेलाभर पन्हं मुळाशी ओतायचं ठरवलं. पहिल्या दिवशी ओतलं, दुसऱ्या दिवशी वैशाली म्हणाली, तुम्ही दमून येता, तुम्ही नुसतं करून ठेवा, मी पाजत जाईन. मी कैऱ्या उकडायचो, गूळ घालायचो, वेलची कुटायचो. झाडाला वेलची कशाला, हे विचारू नका. रोग्याला चव लागते.

फोटो अर्थातच रोज सकाळचेच जायचे. संध्याकाळचं मॅडमना कळू देणं शक्यच नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, रडू नये म्हणतात. एकदा मात्र त्यांचा मेसेज आला, की फोटोत खोडाला कांदा दिसतो आहे तो कशाला. ऊन लागल्याचं सांगितलं तर सगळंच बाहेर येईल. मी लिहिलं, नजर लागू नये म्हणून.

बॉटनीच्या प्राध्यापिकेला मी हे लिहिलं. त्यांचा नुसता अंगठा आला. मला वाटलं, सुटलो.

आणि मग तो गुरुवार उजाडला. मॅडम दुपारच्या विमानाने येणार होत्या आणि संध्याकाळी सव्वासातला कुंडी घ्यायला आमच्याकडे येणार होत्या. मी फोनवर आदल्या दिवशी जीव तोडून सांगितलं होतं, मॅडम, तुम्ही दमाल, शुक्रवारी सकाळी या, मीच आणून देतो. त्या म्हणाल्या, नाही रे, तीन आठवडे झाले पाहून, कधी एकदा पाहते असं झालं आहे.

सव्वासात म्हणजे मरणाची वेळ. खरं सांगतो, मला त्या दिवशी ऑफिसात एक ओळ लिहिता आली नाही. गंमत बाजूला ठेवा, पण त्यांच्या वडिलांचं झाड होतं ते. दार उघडून त्या आत येणार, ती लोंबलेली पानं पाहणार, आणि मी काय सांगणार? सकाळी या, सकाळी जिवंत असते?

दुपारी अर्धी रजा टाकली आणि नर्सरी गाठली. बेत साधा होता. एका संध्याकाळपुरती चिंचेसारखी दिसणारी दुसरी कुंडी मॅडमच्या हाती द्यायची, रात्रभरात खरी चिंच बरी झाली की सकाळी जाऊन गुपचूप बदलायची. एका संध्याकाळचाच तर प्रश्न होता. नर्सरीवाला म्हणाला, भाऊ, इमली कोण ठेवते? बारीक पानांचं पाहिजे तर गुलमोहर घ्या. गुलमोहराचं पान द्विपिच्छाकृती हे मला कळत होतं, पण मी हिशेब केला की मॅडमचे डोळे नुकतेच ऑपरेशन झालेले, त्यांना एवढं बारीक कुठून दिसणार? ऑपरेशन दिसायला लागावं म्हणूनच करतात, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

गुलमोहर घरी आणला तेव्हा तीन वाजले होते. काय तजेलदार होता! वैशालीने दारातच विचारलं, हा कोण पाहुणा? मी म्हणालो, चिंचेचा भाऊ. तिने पुढे काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती बराच वेळ खोकत होती. मला तेव्हा ते खोकणंच वाटलं.

साडेसहाला मी खरी चिंच जेवणाच्या टेबलाखाली सरकवली आणि वरून चादर सोडली. गुलमोहर हॉलमध्ये मांडला. मागे सरून पाहिलं. छान दिसत होता. मग तोंड धुवायला गेलो.

तोंड पुसत बाहेर आलो तर गुलमोहर मेलेला.

नाही, तुम्ही समजून घ्या माझी अवस्था. हे झाड आज आणलेलं. घरी आल्यापासून एक मिनिट उन्हात ठेवलेलं नाही. कूलरपुढे बसलेलं. आणि माझ्या देखत त्याची एकेक पर्णिका मिटत चालली होती, जशी काही मला पाहूनच. माझ्या हातातच काहीतरी आहे, असं मला वाटलं. मी ज्या झाडाजवळ जातो ते मरतं.

"हाही पेंगून राहिला," वैशाली दारातून म्हणाली.

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गुलमोहर उचलून मी न्हाणीघरात कोंबला. आता हॉलमध्ये दाखवायला काय होतं? काही नाही. आणि तेवढ्यात मला स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर, पिसासारख्या पानांचं, हिरवंगार, संध्याकाळीही ताठ मानेने उभं असलेलं एक झाड दिसलं.

"माह्या कढीपत्त्याले हात लावू नका," वैशाली म्हणाली. पण मी लावला होता.

बेल वाजली. मॅडम आत आल्या. नवे डोळे, नवा चष्मा, प्रवासाने चेहरा उतरलेला, पण डोळे कुंडी शोधत होते. मी हॉलचा मोठा दिवा मुद्दाम लावला नव्हता. कोपऱ्यातल्या स्टुलावर कढीपत्ता ठेवला होता, आणि घाईत त्याच्या खोडाला कांदासुद्धा बांधला होता, फोटोशी जुळावं म्हणून.

मॅडम त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. एक पान तोडलं. टोकाला हात लावून पाहिला. मग दोन बोटांत चुरडून नाकाशी नेलं.

"अविनाश," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "खाप्याच्या चिंचेले पोह्याचा वास कधीपासून येऊन राहिला गा?"

मी कोसळलो. दुसरा शब्दच नाही. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, हात जोडून उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम, तुमची चिंच मी मारली. पहिल्याच दिवशी ऊन लागलं तिला. कूलर लावला, कांदा लावला, पन्हं पाजलं, रोज सकाळी उठायची पण रोज संध्याकाळी जायची. बदली आणलेलं झाडही मेलं. माझ्या हातात दोष आहे. तुमच्या वडिलांची निशाणी मी सांभाळू शकलो नाही.

असं म्हणत मी टेबलाची चादर बाजूला केली, चिंच बाहेर ओढली. न्हाणीघरातून गुलमोहर आणला. तीन कुंड्या एका ओळीत.

मॅडम खाली बसल्या, थेट फरशीवर. चिंचेच्या मिटलेल्या पानांवरून त्यांनी हात फिरवला, अगदी हलकेच, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. नवा कोंब आला होता वर, तो पाहिला. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता रडतात. आणि त्या हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत.

"समपिच्छाकृती, विषमपिच्छाकृती, द्विपिच्छाकृती," त्यांनी तिन्ही कुंड्यांवर बोट ठेवलं. "माह्यी प्रॅक्टिकल घेऊन राहिला का रे?"

मला काही कळेना. वैशाली पाण्याचा पेला घेऊन आली होती, ती भिंतीला टेकून तोंडाला पदर लावून उभी.

मॅडम म्हणाल्या, बारावीच्या तोंडी परीक्षेत मी तुले एक प्रश्न विचारला होता, आठवते? मी म्हणालो, तुम्ही खूश होऊन हसला होता, ते आठवतं.

"मी विचारलं होतं, चिंचेचं संयुक्त पान संध्याकाळी काय करते? अन् तू म्हणाला, मॅडम, संध्याकाळी कॉलेज बंद असते." त्यांनी पाणी घेतलं. "इतकी वर्षं शिकवलं, असं उत्तर एकानंच देल्लं. हसू नाई तर काय करू? तुले म्हटलं होतं मी, एक दिवस संध्याकाळी झाडापाशी थांबून पाहजो बाबा. झोपते ते. तेवढ्यावर पास केलं तुले."

म्हणजे सत्तावीस वर्षं जे हसणं मी शाबासकी म्हणून सांगत आलो, ते हे होतं.

मी वैशालीकडे वळलो. म्हणालो, तुला माहीत होतं ना, मग सांगितलं का नाही? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही म्हणाले झोपाले डोळे लागते. मग मीही म्हटलं, शिकलेला माणूस आहे, असेल खरं. आणि पन्हं? पहिला पेला मातीत गेला तेवढाच. मॅडमनी सांगितलं होतं की साधं पाणी एक दिवसाआड द्यायचं, ती तेच देत होती, तळातल्या ताटलीत साचलेलं ओतून टाकत होती. बाकीचं पन्हं ती स्वतः प्यायली. "वेलची छान असायची," ती म्हणाली.

माझी शेवटची आशा एकच उरली होती. मी मॅडमना म्हणालो, तरी तुम्ही एवढं मोलाचं झाड माझ्या भरवशावर टाकून गेलात, तो विश्वास मी मोडला, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मॅडम पदर सावरत उठल्या. माझ्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे पाहिलं. तेच पाहणं, तीन आठवड्यांपूर्वीचं.

"तुह्या भरवशावर कोण टाकते गा? झाड मी वैशालीपाशी ठेवलं होतं. तिचा रोज फोन होता मले, दुपारी. तुले फक्त कुंडी उचलाले बोलावलं होतं."

मी वाकलो, सिमेंटची कुंडी पोटाशी कवटाळली आणि मॅडमच्या मागे फाटकाकडे निघालो. मागून वैशालीचा आवाज आला.

"हळू न्या, झोपलं आहे ते. अन् आल्यावर कूलरमध्ये पाणी भरा."